वाटीभर दूध

पुसेगाव, ता. ४ डिसेंबर १९३८

ती. स्व. शकुआक्कास संतरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार, वि. वि.

जुळ्यातली पोरगी, चतुरा, गेल्या पंधरवड्यात तापानं गेली. मळ्याच्या बांधाला पुरली, रीतीपरमाणं वर दूध ठेवलं. पण तुझी भावजय बना तिथंच अडकली. रोज छातीचं दूध वाटीत पिळती अन् बांधावर ओतून येती. पोरगी भुकेली हाय म्हणती. इकडं जित्तं लेकरू, ज्ञानबा, रडून रडून काळंनिळं व्हतं! शेळीचं दूध पाजलं तर ओकून टाकतं. आक्का, हेबी हातचं जातं की काय?

तू किरिस्ताव झालीस तवा मी लई बोललो, दोन वर्षं कागद धाडला न्हाई. आज मीच इचारतो. तुमच्यात जीव मरत न्हाई म्हणतात. मंग आमच्या पोरीला तिथं कुणी बघतं का? खरं असंल तेच लिही.

तुझा चुकलेला भाऊ,
संतराम

जालना, ता. ९ डिसेंबर १९३८

चि. संतरामास उदंड आशीर्वाद.

अरे वेड्या, राग कसला? तुझं अक्षर पाहिलं अन् मिशनच्या दवाखान्यात कामाला जाता जाता पायरीवरच रडत बसले. पुढचं बनाबाईला वाचून दाखव.

बने, माझी लेक गेली तेव्हा मीही अशीच वाटी घेऊन जायची. प्रभूच्या पायाशी आले तेव्हा कळलं, मातीत देह ठेवला, लेक नाही. तिचा जीव त्याच्यापाशी जिता आहे. तिथं भूक नाही, तहान नाही. चतुराचंही तसंच. तिचा बाप्तिस्मा झाला नाही म्हणून तो तिला दारात उभी ठेवील, असं कुणीही सांगो, मी मानायची नाही. ती पोटभर आहे गं. भुकेला आहे तो ज्ञानबा. त्याला जवळ घे. रडायचं तर पाजता पाजता रड.

तुमच्यासाठी रोज प्रार्थना करणारी,
शकू

पुसेगाव, ता. १६ डिसेंबर १९३८

ती. स्व. आक्कास नमस्कार, वि. वि.

तुझा कागद तिनं तीनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचत व्हतो, तवा तिनं लेकराला पदराखाली घेतलं. चार दिवस झाले, ज्ञानबा बराबर पितो अन् वर लाथा मारतो, गाढव! आक्का, तुझे उपकार या जन्मी फिटायचे न्हाईत. तुझ्या देवालाबी आमचा नमस्कार सांग. संक्रांतीला घरी ये. तुझं ताट आमच्याच पंगतीत मांडतो, कोण काय म्हणतं ते बघू.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
संतराम

ता. क. तुझ्या भावजयीचा एक निरोप हाय. तू आमच्याआधी तिथं गेलीस, तर चतुरीला सांग म्हणे, आई येणार हाय, पण लई उशीर लागंल. तुझ्या भावाला, ज्ञानबाला, मोठं करायचं हाय.