आखाजीच्या आधीचा रिपोर्ट

माय, आज सकाळी माझी मूठ मिटली नाही. उशीवर पडलेला हात बघितला आणि क्षणभर तो तुझाच वाटला. तीच फुगलेली पेरं, तेच ताणून चकाकणारं कातडं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता तू अशी माझ्या हातात येऊन बसलीस. मला ते अजिबात आवडलं नाही, स्पष्टच सांगते.

भडगावचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तोंडावर आलेली, आम्ही दोघी बहिणी सासरहून येणार, आणि नाना तुला घेऊन जळगावला रक्त तपासायला गेलेले. संधिवात अंगात किती भडकलाय हे रक्तातल्या सीआरपीवरून कळतं, एवढं नानांना पाठ झालं होतं. त्या खेपेला आकडा एकदम खाली आला. नानांनी येताना पेढे आणले आणि पोरगं पास झाल्यावर वाटतात तसे गल्लीत वाटले. डॉक्टरांनी खूश होऊन तुझ्या गोळ्या निम्म्या केल्या. आणि आम्ही आलो तेव्हा तू चुलीवर खापर पालथं घालून उभी. पुरण भरलेला मांडा तू दोन्ही हातांवर खेळवतेस, तो कोपरापर्यंत पसरत जातो आणि अलगद खापरावर पडतो. कुठे फाटत नाही. आम्ही दोघी खुळ्यासारख्या खातोय. "देख, बठ्ठं बरं शे आते," तू म्हणतेस.

सगळं सोड, काहीच बरं नव्हतं. पारोळ्याकडच्या एका वैदूची पुडी तू तपासणीच्या आधीपासून गुपचूप घेत होतीस. त्या पुडीत काय होतं देव जाणे, पण सूज उतरली, आकडाही उतरला, आणि आजार आत दबा धरून बसला. आखाजी झाली, आम्ही सासरी गेलो, पुडी संपली, आणि निम्म्या गोळ्यांवर तुझी बोटं एका बाजूला वळत गेली. पुढे तुझ्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या. हे पुडीचं तू मला फार उशिरा सांगितलंस, तेही हसत हसत. "डाक्टरले बी काही समजनं नही!" मी चिडले. रक्ताशी कसली लबाडी करतेस, म्हणाले. तुझं हसू गेलं. "आखाजीले पोरी घर येतीन, नि मी हात बांधीसन बसू?" आमच्या चार दिवसांच्या माहेरपणासाठी तू हात घालवलेस याचा मला राग येतो, आणि त्या मांड्यांची चव काही केल्या तोंडातून जात नाही.

आता मी धुळ्यात रक्त तपासायला देते. परवा माझा आकडा वर गेला. इथली डॉक्टर तरुण आहे. कागद बाजूला ठेवून तिने माझं एकेक पेर दाबून पाहिलं. म्हणाली, "ताई, नुसत्या आकड्यावर मी जात नाही. औषध वाढवायचं का ते ठरवायचंय. तुमच्या घरात कुणाला होतं का हे? बोटं वाकलेली वगैरे?"

तू तिथेच होतीस, माय. दाराशी, पदराखाली हात लपवून, पाहुण्यांसमोर उभी राहायचीस तशी. डॉक्टरला दिसली नाहीस, मला दिसलीस. मी म्हणाले, "नाही. कुणालाच नाही." तिने तसं लिहून घेतलं.

हे तुला धाडणार तरी कुठे? लिहून झालं की फाडून टाकीन. सोमवारी तिने परत बोलावलंय. तेव्हा तरी खरं सांगेन का, मला माहीत नाही. पण तुझी लाज वाटली असं समजू नकोस. तुझं नाव घेतलं असतं तर तुझी बोटं माझी झाली असती. मला तुझी भीती वाटली, माय.