लाल टॅगची मुदत उद्या संपते

गुरुवार, दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, दुपारचे सव्वाचार. इस्पितळाने दिलेल्या कागदावरच्या सूचना क्रमांक सहाप्रमाणे मी दोन्ही हातांची, म्हणजे दहाही बोटांची नखे कापली, कागदात गुंडाळून टाकली, हात धुतले आणि हे लिहायला बसलो.

मी, समाधान ज्योतीराम जगदाळे, वय २७, महाळुंग्याच्या एका कंपनीत देखभाल विभागात मदतनीस, राहणार जाधववाडी, चिखली, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, दुपारच्या एका चहाशिवाय मी काही घेतलेले नाही, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट आई नको म्हणाली. उद्या सकाळी आठ वाजता माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, छोटे आहे, तिसऱ्या दिवशी घरी जाल. पण त्यांच्याच फॉर्मवर ‘जीवितास धोका संभवतो’ असे छापले आहे आणि त्याखाली माझी सही घेतली आहे. तोंडी आणि छापील यांत मी छापील धरतो.

माझे शिक्षण नववी. तरी या घरात शुद्ध लिहिणारा मी एकटा आहे. नवनाथ, म्हणजे माझा मावसभाऊ, आयटीआय झालेला असून ‘आशीर्वाद’ हा शब्द तीन प्रकारे लिहितो. हे नोंद असावे म्हणून लिहिले.

कलम १. घर. हे आबांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे ते देण्याचा मला अधिकार नाही. २०१२ साली भोसरीतल्या पत्रा दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये आबांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट प्रेसखाली गेले. भरपाईच्या पैशांत ही अर्धा गुंठा जागा आली. त्याच वर्षी माझी शाळा सुटली आणि मी हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मोजायला लागलो. मोजण्याची सवय तिथली. त्या दोन बोटांविषयी आमच्या घरात नवनाथ येईपर्यंत, बारा वर्षे, कोणी बोलले नाही. आबांना डावीकडे ताट वाढायचे, बाटलीचे झाकण आधीच सैल करून ठेवायचे, एवढेच.

कलम २. फंड, बँकेतली शिल्लक आणि मोटारसायकल आईला, रुक्मिणीबाई ज्योतीराम जगदाळे यांना. मोटारसायकल विकावी. नवनाथला चालवायला देऊ नये. तो क्लच अर्धा दाबून ठेवतो.

कलम ३. गेमचे यंत्र. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

हे यंत्र मी २०१८ साली पहिल्या बोनसमध्ये पिंपरीतून जुने घेतले. घरी आणून टीव्हीला जोडले आणि पहिल्यांदा कंट्रोलर आबांच्या हातात दिला. आमच्या घरी त्याला रिमोट म्हणतात. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, “हे बोटंवाल्यांचं काम हाय.” मी त्यांना पुन्हा कधी विचारले नाही. त्यांना खेळणे आवडत नाही असे मी धरून चाललो आणि सहा वर्षे एकटाच खेळलो.

गेल्या वर्षी नवनाथ गावाहून आला. त्याला तळवड्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम लागले आणि तो आमच्याकडे राहिला. महिनाभरातच एका गुरुवारी त्याने आबांना सरळ विचारले, “काका, बोट कुठवर पोचतं?” मला वाटले आता आबा उठून जातील. आबांनी हात पुढे केला. नवनाथने त्यांच्या राहिलेल्या पेराचे माप घेतले. माझ्या व्हर्निअर कॅलिपरने घेतले, ज्याला मी कोणाला हात लावू देत नाही.

दोन दिवसांनी तो नायलॉनच्या रॉडमधून एक तुकडा घडवून घेऊन आला. कंट्रोलरच्या उजव्या अंगाला मागे एक बटण असते, ते तर्जनीने दाबायचे असते. ट्रकच्या गेममध्ये तोच अ‍ॅक्सिलरेटर. त्या बटणावर हा तुकडा टोपीसारखा बसतो, बटण लांब होते आणि आबांचे अर्धे बोट त्यावर पोचते. आबांना तरुणपणी अवजड वाहनाचे लायसन काढायचे होते, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या वडिलांची गोष्ट मला नवनाथकडून कळली.

तेव्हापासून मी दुसऱ्या शिफ्टहून आलो की जिन्यातच त्या दोघांचे हसणे ऐकू यायचे. आबा ट्रक चालवायचे आणि नवनाथ क्लीनर होऊन बाजूला बसायचा. “काका, डावीकडनं येऊ द्या, येऊ द्या, बास.” आबा म्हणायचे, “गप रे, तुझ्या जन्माआधीपासनं मला रस्ता दिसतोय.” मी आलो की आबा विचारायचे, जेवलास का. तेरा वर्षे ते मला एवढेच विचारत आले आहेत.

मी तो तुकडा गुपचूप मोजला. कुठे चूक निघते का पाहत होतो. निघाली नाही. मग मीही रॉड आणला आणि कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीत कानशीने घासून तसाच तुकडा करून पाहिला. तीन केले. पहिला सैल झाला, दुसरा चिरला, तिसरा बसतो पण बटण अडकते. ते माझ्या लोखंडी पेटीत तळाशी, फडक्यात आहेत.

यंदा खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला, आईने घरातली सगळी हत्यारे पाटावर मांडली. माझी पेटी, पाने, व्हर्निअर, तिचा मिक्सर, आणि तो कंट्रोलर. हळदकुंकू आबांनी वाहिले. कुंकवाचे पहिले बोट त्यांनी त्या नायलॉनच्या तुकड्यावर टेकवले. मी पाटाच्या या बाजूला माझी पेटी पुसून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. बाकीचे सोने वाटायला गेले. धूळ साफ करतो म्हणून मी यंत्र उघडले, धूळ खरोखर साफ केली, आणि आतल्या पंख्याची वायर पिनेतून काढून यंत्र बंद केले. पंखा फिरला नाही की यंत्र तापते आणि चार-पाच मिनिटांत आपोआप बंद पडते. हे मी जाणूनबुजून केले. यात नवनाथचा, आबांचा किंवा यंत्राच्या वयाचा काही दोष नाही.

मग घरात दुरुस्त करायचे की नवे घ्यायचे यावर चर्चा सुरू झाली. आई म्हणाली, “मिक्सर दोनदा दुरुस्त केला, ह्याला काय सोनं लागलंय?” नवनाथ म्हणाला की मी उघडून बघतो. त्याने उघडले असते तर पाहताक्षणी कळले असते, म्हणून मी म्हणालो की माझ्या ओळखीचा दुकानदार आहे. आबांनी तपासणीचे म्हणून मला तीनशे रुपये दिले. मी यंत्र पिशवीत घालून चिंचवडपर्यंत नेले, एका झाडाखाली अर्धा तास उभा राहिलो आणि परत आणून सांगितले की मुख्य बोर्ड गेला आहे, दुरुस्ती परवडणार नाही.

आमच्याकडे कंपन्यांत एक पद्धत असते. ज्या वस्तूचे काय करायचे ते ठरत नाही, तिला लाल टॅग बांधून तारीख घालून बाजूला ठेवतात. तीस दिवसांत ठरले नाही तर वस्तू भंगारात. नवनाथने त्याच्या कंपनीतला टॅग आणून १५ ऑक्टोबरला यंत्राला बांधला आणि कपाटावर ठेवले. “भावा, तीस दिवस. तोवर तुझ्या दुकानदाराला काही सुचलं तर बघ. नाहीतर नवा मी घेतो, काकांसाठी.” त्या टॅगची मुदत उद्या संपते. ‘कारण’ या रकान्यात त्याने ‘वयोमान’ असे लिहिले आहे. या वेळी शुद्ध लिहिले आहे.

नवे आले तर ते नवनाथचे असेल, हे मला वायर काढताना सुचले नाही. मला फक्त हसणे बंद व्हायला हवे होते. ते झाले. आबा संध्याकाळी बातम्या लावतात आणि तो कंट्रोलर मांडीवर घेऊन बसतात. मागचे बटण दाबत राहतात. त्यांच्या ते लक्षातही येत नसावे.

काल मी लवकर आलो. दाराबाहेर बूट काढत होतो. आत नवनाथ मोबाईलवर आबांना नव्या यंत्राचे फोटो दाखवत होता. आबा म्हणाले, “नवा नगं. ह्योच ठिवायचा.”

“काका, तो दुरुस्त होत नाही म्हणाला ना दुकानदार.”

“समाधान म्हणाला म्हंजे न्हाई होत. न्हाई झाला तर न्हाई. पर भंगारात द्यायचा न्हाई. पयल्या बोनसात आणल्याला हाय पोरानं. आन् मला दिला तवा म्या तसाच खाली ठिवला.”

मी बूट परत घातले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

म्हणून लिहून ठेवतो की माझ्या मृत्यूनंतर हे यंत्र उघडावे, पंख्याची तीन तारांची वायर पिनेत बसवावी, आणि यंत्र आबांना द्यावे. हा कागद तोपर्यंत बंद लिफाफ्यात राहील.

कलम ४. व्हर्निअर कॅलिपर. नवनाथ सोडून कोणालाही द्यावे.

येथवर लिहून झाले तेव्हा साडेपाचला शेजारचे उद्धवराव साक्षीदार म्हणून सही करायला आले. ते तलाठी कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. मजकूर वाचायची त्यांना गरज नसते, फक्त माझी सही त्यांच्यासमोर व्हावी लागते. ते म्हणाले, “हर्नियासाठी मृत्युपत्र करणारा मी तूच पाहिला, राव.” मी विचारले, हे कधीपासून लागू होते. ते म्हणाले, “तू गेल्यावर. जगलास तर नुसता कागद. पन्नास वर्षं पेटीत पडून राहील.”

पन्नास वर्षे. आबा त्रेसष्टचे आहेत.

मी त्यांना चहा घ्या म्हणालो आणि सहीआधी खालील फेरफार केला.

कलम ३ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द आणि बंद लिफाफ्याचे वाक्य खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. हे कलम आज संध्याकाळी सात वाजल्यापासून लागू आहे. नवनाथ पावणेसातला येतो. वायर मीच बसवीन, सर्वांसमोर, आणि आधी हा कागद आबांसमोर वाचून दाखवीन. कलम ३ संपूर्ण, कुठेही न गाळता. ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. काही न म्हणता उठून गेले तरी ते योग्यच धरावे.

पेटीतले तीन तुकडे आबांना. ते बसत नाहीत. पण केले होते.

कलम ४ मधील ‘नवनाथ सोडून कोणालाही’ खोडून ‘नवनाथला’ असे वाचावे. त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही आणि तो जाईल असे मी लिहून देत नाही. पण काय मोजायचे हे या घरात त्यालाच सुचले. पेटीत ठेवताना कॅलिपरचे जबडे किंचित उघडे ठेवावेत. तो घट्ट मिटून ठेवतो.

सही: समाधान ज्योतीराम जगदाळे

साक्षीदार:
१. उद्धवराव, शेजारी
२. शालनबाई, डबेवाल्या, समोरची खोली (सही येते, अंगठा घेऊ नये असे त्यांनी बजावले आहे)

दोघांनाही या कागदाने काही मिळत नाही.

ठिकाण: जाधववाडी, चिखली. दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

यंत्राचा हिशेब:
नायलॉन रॉड, तीन तुकड्यांसाठी, खर्च: ऐंशी रुपये.
चिंचवडला जाण्यायेण्याचे पेट्रोल, खर्च: साठ रुपये.
दुरुस्ती: शून्य.
देणे: आबांचे तीनशे रुपये. शंभराच्या त्याच तीन नोटा, मोडलेल्या नाहीत, या कागदाला टाचल्या आहेत.